रत्नाबाईच्या तोंडातला तिसरा ळ

प्रफुल्ल, चष्मा शोधू नकोस. कपाळावर आहे. आणि हा कागद तुला कुठे सापडला ते नीट लक्षात ठेव, कारण वाचून झाल्यावर तू तो भलतीकडेच ठेवशील आणि चार दिवसांनी सगळ्या घराला विचारशील, "आईनं काही लिहून ठेवलं होतं का गं?" म्हणून याच्या तीन प्रती केल्या आहेत. एक तुझी, एक माझी नात पायलची, एक लिहिणाऱ्या सुलेखाची. हरवेल ती तुझी.

आता कायद्याचं बोलणं.

मी, रत्नाबाई रामभाऊ लोणारे, वय सत्तरच्या आसपास (जन्मले तेव्हा घरात कॅलेंडर नव्हतं), मूळ राहणार मौजे धानोरी, जिल्हा वर्धा, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, हर्नडन, व्हर्जिनिया, अक्षरशत्रू पण तोंडाने कोणाला हार न गेलेली, आज शनिवारी सकाळी चहा घेऊन, डोकं ठिकाणावर असताना, कोणी भरीस घातलं नसताना हे सांगते आहे. डॉक्टरने माझ्या काळजाचं चित्र बघून इंग्रजीत पुष्कळ सांगितलं. पायलने त्याचं मराठी केलं, "आजी, यू आर फाइन." तिचा चेहरा बघून मी म्हटलं, आता लिहून टाकावं.

सुलेखा पुण्याची. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. मी हरकत घेतली.

"मावशी, कायद्याचा कागद आहे, शुद्ध हवा."

"मंग माहं काय अशुद्ध हाय?"

"तसं नाही हो, मावशी."

"मंग कसं?"

बिचारी पेन चावायला लागली. शेवटी तोड निघाली ती अशी: कागद तिच्या भाषेत, पण कोणी काही बोललं असेल तर ते ज्याचं त्याच्या भाषेत. तिने मधे काही गाळलं तर मला कळणार नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. म्हणून आधी साक्षीला बसलेल्या विवेकने सगळं मोठ्याने वाचायचं, मग अंगठा. एकदा मी बोलले आणि दुसऱ्याने मला वाचून न दाखवता लिहिलं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

कलम पहिलं. घर. हर्नडनचं घर प्रफुल्लचं आणि बँकेचं. त्यात माझी मागच्या बाजूची एक खिडकी होती, ती सून उपासनाला दिली. तिथे बसून तिने दिवसातून अर्धा तास काहीही करू नये. कोणी विचारलं तर सासूची शेवटची इच्छा आहे म्हणावं. धानोरीची खोली आणि अंगण शेजारच्या बुद्धविहाराला. तिथे मुलांनी अभ्यास करावा. चपला बाहेर काढाव्यात.

कलम दुसरं. वर्ध्याच्या पोस्टातलं पासबुकही विहारालाच. किती आहे ते बघत बसू नका.

कलम तिसरं. माझी तीन लुगडी पायलला. तिला नेसता येत नाही हे माहीत आहे. पायल, त्यांचे पडदे शिवू नकोस म्हणजे झालं.

कलम चौथं. टेप. हे कलम लांब आहे. प्रफुल्ल, पाणी पिऊन ये.

माझ्या कपाटात, लुगड्यांच्या खाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या काळची एक चकतीची टेप आहे. तिच्यावरून पायलने करून घेतलेली कॅसेटही तिथेच आहे. तिच्यात माझा तिशीतला आवाज आहे. या टेपचं काय करायचं, एवढ्यासाठीच खरं तर हे मृत्युपत्र. घर आणि पासबुक आपलं निमित्ताला.

पंचावन्न सालच्या थंडीत आमच्या वस्तीत एक गोरा माणूस आला. तेव्हा वस्तीला महारवाडाच म्हणत. सासूबाईंनी नाव विचारलं. तो म्हणाला, "पाऊल." सासूबाईंनी त्याच्या बुटांकडे बघितलं. "पाऊल मोठं हाय बाप्पा. पर नाव काय?" "पाऊल." असं तीनदा झालं. पूर्ण नाव पाऊल ब्रान्होल्म, देश डेन्मार्क. लोकांच्या बोली गोळा करायचा. या कामाला भाषाशास्त्र म्हणतात हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, रिकामटेकडेपणाला म्हणत असतील.

तो आधी गावात गेला होता. पाटलाच्या घरच्या बायका आतून बोलत, आणि मास्तर त्याला छापील मराठी ऐकवत. त्याला हवी होती बिनछापील. म्हणून तो आमच्याकडे आला. आमच्या घरचं पाणी गावात कोणी घेत नसे. हा जेवला, नाक पुसत पुसत, आणि ताट स्वतः उचलायला लागला. म्हणून मी त्याच्याशी बोलले. हे त्याच्या बाजूचं आहे, ते मी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

त्याच्याकडे आवाज टिपायची, चावी द्यायची एक पेटी होती. तिची चकती फिरायची आणि तो बोट दाखवायचा. हे काय? डोया. दोन असले की? डोये. (पुण्याचे लोक डोळा म्हणतात, आम्ही डोया. काळा तो काया, शाळा ती शाया.) मरणाचे सगळे काळ त्याने माझ्याकडून म्हणवून घेतले. मी मेली, मी मरत होती, मी मरन. मी हसून हसून लोटपोट. आता बघा, त्यातला एकच उरला आहे.

तो स्वतःचंही सांगायचा. एका बेटावर वाढला. बाप समुद्रातला दिवा सांभाळायचा. बेटाची बोली वेगळी. शहरातल्या शाळेत घरची बोली बोलला म्हणून मास्तराने बोटांवर पट्टी मारली आणि पोरं वर्षभर त्याची नक्कल करत राहिली. "म्हणून मी हे काम धरलं," म्हणाला. मला त्याची दया आली. दया नीट बघून करावी.

आता मुद्द्याचं. त्या काळी मी तंबाखू खायची. खालच्या ओठात दाबलेली असायची, आणि ती सांडू नये म्हणून जीभ वर उचलून बोलायची. त्यामुळे डोया म्हणताना माझ्या तोंडून धड य पण येत नसे आणि धड ळ पण नाही. मधलंच काहीतरी यायचं, ओलं. पाऊलसाहेबाने कान पुढे केला. "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. त्याने वहीत एक चिन्ह काढलं, वर टिंब असलेलं. इतका खूश झाला की त्या दिवशी जेवलाच नाही. शेजारच्या दोघींनाही बोलायला लावलं. त्या दोघी माझ्याच चंचीतली तंबाखू खायच्या.

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षा घेतली. पंचशील घेतलं आणि त्याच दिवशी मी चंची नागनदीत टाकली. थंडीत तो परत आला, पेटी सुरू केली, बोट दाखवलं. मी म्हटलं, डोया. स्वच्छ. त्याने पेटी थांबवली, पुन्हा सुरू केली. जे बोलणं झालं ते टेपमध्ये आहे. पायलने ऐकवलं तसं लिहून देते:

"मागच्या सालासारखं बोला, रत्नाबाई."

"मागचं साल गेलं, सायेब."

"पण हा आवाज?"

"तंबाखू सोडली म्या. दीक्षा घेतली. आता तोंड मोकयं झालं."

पुढे नुसती पेटीची घरघर. मग तो म्हणतो, जुनी गाणी म्हणा, मरीआईची. मी म्हणते, ती पण सोडली. तो म्हणतो, मग तुमचं काय उरलं? मी म्हणते, "मी हाव ना." टेप तिथे संपते. त्यानंतर तो आमच्या दारी फिरकला नाही. टेप घेऊन गेला.

त्याचा शोध तोवर छापून झाला होता. या समाजातल्या बायकांच्या तोंडी पुण्याचा ळ नाही, आमचा य नाही, असा एक तिसरा ळ आहे, जो दुनियेत कुठेच नाही! त्यावर त्याला पदवी मिळाली, कोपनहेगनला नोकरी मिळाली, जाड पुस्तक झालं, मग अमेरिकेने बोलावून घेतलं. पुढे विद्वानांनी त्या पुस्तकावर पुस्तकं लिहिली. एकाने लिहिलं, या लोकांच्या जिभेची घडणच वेगळी असावी. पाऊलसाहेबाने त्याला कधी खोटं पाडलं नाही. पुस्तकात माझं नाव नाही. "एक निरक्षर स्त्री, वय अंदाजे तीस" एवढंच आहे. रामभाऊंचं नाव नाही, धानोरीचं आहे.

हे मला कसं कळलं? त्र्याहत्तर साली माझा प्रफुल्ल नागपूरला कॉलेजात गेला, वस्तीतला पहिला. मराठीच्या तासाला प्राध्यापकांनी ते जिभेचं वाचून दाखवलं आणि विचारलं, "या भागातलं कोणी आहे का वर्गात?" प्रफुल्लने हात वर केला. त्यांनी त्याला डोळा म्हणायला लावलं, पाचदा, सगळ्या वर्गापुढे. तो सुट्टीत घरी आला, जेवला नाही. चुलीजवळ येऊन उभा राहिला.

"आई, जीभ दाखव."

मी दाखवली. त्याने कंदील जवळ धरून बघितलं. माझ्या पोटच्या पोराने माझी जीभ जनावराची बघावी तशी बघितली. मग म्हणाला, "साधीच तर आहे." त्या दिवसापासून तो घरातही "मला, तुला" बोलायला लागला. मग इंग्रजी आलं. प्रफुल्ल, मी तुला दोष देत नाही. थोडा देते. चोवीस वर्षं झाली, तू माझ्याशी सुलेखासारखा बोलतोस.

रामभाऊ गेले आणि एक्क्याण्णव साली तू मला इथे आणलंस. इथे माझ्याशी माझ्यासारखं बोलणारं कुत्रंही नाही. पंच्याण्णवच्या दिवाळीला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. पाहुणा कोण, तर मराठी बोलणारा गोरा प्राध्यापक. शुद्ध मराठीत भाषण झालं, टाळ्या झाल्या, मंडळाच्या शैलेंद्रने शाल घातली. मी चहाच्या रांगेत पुढे गेले. म्हातारा झाला होता, पण बूट तेवढेच. त्याने माझ्याकडे बघितलं, हातातला कप खाली ठेवला.

"रत्नाबाई, ओयखलं का मले?"

हा य मी सुलेखाकडून लिहून घेतला आहे, पण तो य नव्हता. त्यासाठी तिच्याकडे अक्षर नाही. तो माझा तंबाखूचा आवाज होता. चाळीस वर्षांनी, परक्या मुलखात, माझी थुंकी दुसऱ्याच्या तोंडात!

"ओयखलं ना बाप्पा. पर तोंडात काय हाय तुमच्या?"

"काई नाई."

"मंग असे कावून बोलता?"

"तुमीच शिकवलं."

मी तिथेच हसले, लोक बघायला लागले इतकं. मग रडू आलं, कारण एवढी माझी बोली मी चार वर्षांत ऐकली नव्हती.

त्यानंतर वर्षभर महिन्यातून एकदा पायल मला गाडीने सिल्व्हर स्प्रिंगला त्याच्या घरी सोडायची. त्याची बायको वारली होती, मुलगी बिर्गिट जवळच राहायची. आम्ही बोलायचो. सासूबाई, विहीर, कापसाच्या गाड्या, कोणाच्या लग्नात कोण रुसलं. त्याला सगळं पाठ होतं, माझ्यापेक्षा जास्त. खरं सांगते, त्या वर्षी मी सुखी होते, आणि तेच मला स्वतःला माफ करवत नाही. शेवटी मी विचारलं, "सायेब, ते तंबाखूचं तुमाले समजलं नव्हतं का?"

तो म्हणाला, "त्याच दिवशी समजलं होतं." आणि आत जाऊन टेप घेऊन आला. एकोणचाळीस, चाळीस, जी काय असतील तितकी वर्षं ती त्याने टेबलाच्या खणात कुलपात ठेवली होती. जाळली नाही, दाखवलीही नाही. मी त्याला प्रफुल्लच्या जिभेचं सांगितलं. कंदिलाचं पण सांगितलं. बोटांवर पट्टी खाल्लेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"आता काय करू, रत्नाबाई?"

"आधी नीट म्हना. डोया."

त्याने म्हटलं. ओलं आलं. पुन्हा म्हटलं. ओलंच. चाळीस वर्षांची सवय, जीभ वळेचना. सात-आठ वेळा प्रयत्न केला म्हाताऱ्याने. तेव्हा मला कळलं, वेगळ्या घडणीची जीभ कोणाची होती ते.

"छापून टाका," मी म्हटलं. "चुकलो म्हना." तो म्हणाला, लिहितो. पुढच्या महिन्यात म्हणाला, लिहितोय. शहाण्णवच्या नोव्हेंबरात तो गेला. टेबलावर कोरा कागद होता, वर तारीख घातलेली. वर्तमानपत्रात मोठा फोटो आला, तिसऱ्या ळचा शोध लावणारा म्हणून.

आता या वर्षी इथल्या एका विद्यापीठाचा कागद आला आहे. त्यांना त्याच्या सगळ्या टेपा जतन करून लोकांना ऐकवायच्या आहेत, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांची परवानगी पाहिजे. बाकीच्या सगळ्या बाया मेल्या. उरला माझा अंगठा. मी तो दिला नाही.

बिर्गिट इथे येऊन गेली. भली बाई आहे. पायलच्या मार्फत म्हणाली, तुमच्याकडची टेप बाहेर काढू नका, वडील आता उत्तर द्यायला नाहीत, त्यांचं नाव खराब होईल. मी म्हटलं, तुझ्या बापाचं नाव पुस्तकावर आहे म्हणून ते खराब व्हायची भीती. माझं नाव त्यात नाहीच, माझ्या जातीची जीभ आहे. पायलने याचं इंग्रजी किती केलं देव जाणे.

प्रफुल्ल म्हणाला, "आई, सोड ना. आता कोण वाचतं ते पुस्तक?"

तू वाचलंस, बाबा. तू अजून वाचतोस. परवा फोनवर बायकोशी बोलताना तू डोळा म्हणालास आणि म्हणायच्या आधी क्षणभर थांबलास. बेचाळीस वर्षांचा झालास, अमेरिकेत घर घेतलंस, तरी थांबलास. मी खिडकीत होते.

म्हणून माझा ठराव असा:

टेप आणि कॅसेट दोन्ही पायलच्या मालकीची. माझ्या आवाजाची परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क माझ्या मृत्युपश्चात तिचा एकटीचा. प्रफुल्लचा नाही, कारण तो भिडेखातर देऊन टाकेल आणि दिली हे विसरेल. विद्यापीठाने ही टेप सगळ्यांच्या आधी लावायची, पहिल्या नंबरवर. तिच्यातलं बोलणं मराठीत आणि इंग्रजीत छापायचं, एक शब्द न गाळता. जिथे "एक निरक्षर स्त्री" आहे तिथे रत्नाबाई रामभाऊ लोणारे लिहायचं. निरक्षर राहू दिलं तरी चालेल, खरं आहे ते. आणि पुढे लिहायचं की तिसरा ळ नव्हता, तंबाखू होती.

हे मान्य नसेल तर परवानगी नाही. मग बाकीच्या टेपा बंदच राहोत. त्यांच्यात माझ्या सासूबाईंचा आवाज आहे, रामभाऊ खोकतात ते आहे, धानोरीची अशी गाणी आहेत जी आता कोणालाही येत नाहीत. ते सगळं जाईल. मला माहीत आहे काय जाईल ते. कागद आल्यापासून मी तेच तोलते आहे. खोट्या जिभेने जगात वाजत राहण्यापेक्षा आम्ही गप्प बसू. गप्प बसायची आम्हाला पिढ्यांची सवय आहे, पण या खेपेला ते आमच्या मर्जीने असेल.

पायलने हे ऐकून विचारलं, "आजी, डू यू हेट हिम?" मी म्हटलं, तो असता तर त्याला विचारलं असतं की आपल्या बोलीत याला काय म्हणतात. त्याला माहीत असतं. दुसऱ्या कोणाला नाही.

कलम पाचवं. प्रफुल्लला काय? प्रफुल्लला कॅसेट ऐकायची. एकट्याने, गाडीत, ऑफिसला जाताना. ऐकून झाल्यावर माझ्या फोटोसमोर उभं राहून एकदा "मले" म्हणायचं. मोठ्याने. नसेल जमत तर माझ्या इस्टेटीतलं दुसरं काही त्याला लागू नाही.

कलम सहावं. माझ्यामागे बुद्धवंदना करावी, भाषणं नकोत. मंडळाने शाल आणली तर ती शैलेंद्रने स्वतःच पांघरावी.

वरील सर्व मजकूर विवेकने मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी सुलेखाने "थुंकी" ऐवजी "लाळ" लिहिलं आहे, असं मी म्हटलं. एका ठिकाणी मी थुंकी करून घेतली, दुसरं ठिकाण मी उगाच सांगितलं, ती शोधत बसली आहे. मजकूर माझा आहे, मला मान्य आहे.

डाव्या हाताचा अंगठा: रत्नाबाई रामभाऊ लोणारे

लेखनिक: सुलेखा त्र्यंबक साठे

साक्षीदार: १. विवेक गजभिये, हर्नडन (सही) २. शैलेंद्र बोबडे, हर्नडन (सही, शालीच्या कलमाला हरकत नोंदवून)

ठिकाण: हर्नडन, व्हर्जिनिया
दिनांक: ६ सप्टेंबर १९९७

अंगठ्यानंतरचं: विवेक म्हणतो, सहीच्या खालचं कायद्यात धरत नाहीत. न धरू दे, हे जेवणाचं आहे. मी गेल्यावर पायल टेप बाहेर काढत असल्याचं पत्र बिर्गिटला लिहील, ते टपालाने पाठवू नये. उपासनाने स्वतः न्यावं, आणि सोबत गोळाभात न्यावा. गोळे चण्याच्या डाळीचे, भरड वाटलेले. फोडणीचं तेल वेगळ्या बाटलीत, लसूण लाल होईपर्यंत तळलेला, म्हणजे तिला गरम करून वरून ओतता येईल. चिंचेचं सार थर्मासमध्ये. दोन दिवस पुरेल इतकं द्या, कारण पत्र वाचल्यावर ती त्या दिवशी जेवणार नाही, दुसऱ्या दिवशी जेवेल. आणि गोरी आहे म्हणून तिखट कमी करू नका.